तीन हजारात घरची केमिस्ट्री लॅब: काच कुठली घ्यायची, कुठली सोडायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली, नाशकात इंदिरानगरच्या घरात गच्चीला लागून एक छोटी खोली मोकळी आहे, तिथे तिला स्वतःची लॅब लावायचीये. सामानासाठी ३,००० रुपये बाजूला काढलेत आणि ऑनलाइन एक भरगच्च सेट दिसतोय, तर तोच घेऊन मोकळं व्हावं का.

नका घेऊ. मी आधी अंबडला एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात होते आणि नंतर बरीच वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबचं स्टोअर माझ्याकडे होतं, म्हणजे काच मागवायची, आलेली तपासून घ्यायची, फुटलेली रजिस्टरला लिहायची हे सगळं माझ्याच हातून गेलंय. असल्या सेटमधलं निम्मं सामान कपाटातून बाहेरच येत नाही. रिटॉर्ट असतो, थिसल फनेल असतं, लिटरचा बीकर असतो, फोटोत एकदम लॅब वाटते, पण टेस्ट ट्यूब मोजून सहा देतात आणि सगळ्यात जास्त फुटणारी वस्तू तीच. ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंब थेंब मोजून सोडायची खाली चावी असलेली उभी नळी, ती तर बहुतेक सेटमध्ये नसतेच.

माझा हिशोब सरळ आहे. काचेत पैसे दोनच ठिकाणी घालायचे, जी काच विस्तवावर जाणार तिथे आणि जी काच मोजणार तिथे. बाकी सगळ्याला प्लास्टिक, स्टील, जॅमच्या बाटल्या चालतात. आणि खरेदीला निघण्याआधी मुलीला बसवून कागदावर लिहायला लावा की पहिल्या चार महिन्यात ती काय काय करणार आहे. अकरावी-बारावीचं धरलं तर टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत द्रावण मोजून घालणं), सॉल्ट ॲनालिसिसमधल्या साध्या टेस्ट (क्षारात काय आहे ते ओळखणं), तुरटीचे आणि मोरचुदाचे (कॉपर सल्फेट) स्फटिक, पेपर क्रोमॅटोग्राफी, एवढं येईल. सॉल्ट ॲनालिसिसमधला हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा ग्रुप घरी करायचाच नाही, तो कॉलेजात वायू ओढून घेणाऱ्या हूडखाली करायचा, त्यामुळे त्याचं सामानही नको. या यादीसमोर कुठली काच लागते ते लिहिलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, कारण यादीत डिस्टिलेशन नसेल तर कंडेन्सर कशाला घ्यायचा.

आता तापणारी काच. इथे बोरोसिलिकेटच पाहिजे, याला पर्याय नाही. साधी काच म्हणजे सोडा-लाइम, बाटल्या-खिडक्यांची, ती तापली की बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. बोरोसिलिकेटला ३.३ म्हणतात ते त्याच आकड्यावरून, दर डिग्रीला दहा लाखात ३.३ भाग, आणि सोडा-लाइमचा आकडा ९ च्या आसपास. एक बाजू गरम आणि एक गार असली की हा फरक काचेला ओढतो आणि तडा जातो. जर्मनीत येना गावी ऑटो शॉटने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही काच बनवली, त्यात सिलिका साधारण ८० टक्के आणि बोरॉन ऑक्साइड १३ टक्क्यांच्या आसपास असतं. आपल्याकडे बोरोसिल कंपनी १९६२ ची, अमेरिकेच्या कॉर्निंगबरोबर सुरू झालेली, आणि तेव्हापासून लोक कुठल्याही लॅबच्या काचेला बोरोसिलच म्हणतात, दुकानदारसुद्धा म्हणतो. म्हणून दुकानात नुसतं बोरोसिल द्या म्हणू नका, काचेवर छापलेलं नाव वाचा.

बिनब्रँडची बोरोसिलिकेट पण मिळते, बरीचशी अंबाल्याकडून येते, तिकडे शाळा-कॉलेजच्या सायन्सच्या सामानाचा मोठा धंदा आहे. ती वाईटच असते असं अजिबात नाही, बीकर आणि टेस्ट ट्यूबसाठी मी बिनधास्त घ्या म्हणेन, बऱ्यापैकी स्वस्त पडते. फक्त ती खरंच बोरोसिलिकेट आहे का हे घरी तपासायचं. एका वाटीत सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं तेल घ्या आणि त्याच मालातला काचेचा रॉड किंवा टेस्ट ट्यूब त्यात बुडवा, ट्यूब असेल तर आतही तेल जाऊ द्या. बोरोसिलिकेट असेल तर तेलात बुडालेला भाग दिसेनासा होतो, रॉड तेलाच्या वरच्या रेषेला कापल्यासारखा वाटतो, कारण तेलाचा आणि या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो तो आकडा, दोन्ही १.४७ च्या जवळ. सोडा-लाइम १.५२ ची, तिच्या कडा तेलातही स्पष्ट दिसत राहतात. मुलीला हा पहिला प्रयोग म्हणूनच करू द्या. दुकानात तेल घेऊन जाता येत नाही पण तिथे रॉडचं टोक आडवं धरून आत बघा, हिरवट झाक आली तर संशय घ्यायचा. म्हणून आधी दोन-चार नग आणा, तपासा, मग बाकीचे.

साइझचं म्हणाल तर १०० एमएलचे दोन बीकर, २५० चे दोन, १०० किंवा १५० च्या दोन कॉनिकल फ्लास्क, डझन-दोन डझन टेस्ट ट्यूब, चार जाड बॉइलिंग ट्यूब, एक पोर्सेलिनची डिश, दोन वॉच ग्लास, दोन-तीन रॉड. ५०० चा बीकर नंतर. मोठी काच घेतली की मुलं आपोआप जास्त केमिकल घेतात, जास्त तापवतात, जास्त सांडतात. घरी सगळं लहान प्रमाणात करायचं, ५ एमएलमध्ये जो रंगबदल दिसतो तोच ५० एमएलमध्ये दिसतो.

घेताना प्रत्येक नग हातात घेऊन बघायचा, दुकानदार कुरकुरला तरी. काठावरून हलकं बोट फिरवा, टवका उडालेला लगेच कळतो. बुडाशी उजेडाकडे धरून बघा, बारीक चांदणीसारखा तडा असेल तर तो नग बाजूला, पहिल्या-दुसऱ्या तापवण्यात जाणार तो. भिंत एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असेल तर तोही नको. फुगे एखाद-दुसरे बारीक असले तर चालतात, पण बुडात नकोत. अजून एक तपासणी आहे जी घरी करता येते आणि फार कमी लोक करतात. लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन लावा, डोळ्याला पोलराइज्ड गॉगल लावा आणि डोकं तिरकं करत करत स्क्रीन काळा दिसेल अशी जागा पकडा. आता फ्लास्क स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये धरा. बनवताना हळूहळू नीट थंड केलेली काच काळीच राहते, आणि जिथे काचेत ताण राहिलाय तिथे उजळ पट्टे दिसतात, मानेपाशी किंवा जोड असेल तिथे हमखास. थोडेसे असतात सगळ्यात, पण बुडाच्या वळणाला लख्ख पट्टा दिसला तर ती फ्लास्क तापवायला वापरू नका, द्रावण ठेवायला वापरा.

बोरोसिलिकेट आहे म्हणून काहीही सोसेल असं पण नाही. गरम बीकर ओल्या ओट्यावर ठेवला की तीही तडकते, आपल्याकडे कडप्प्याचे ओटे असतात आणि ते कायम ओले असतात, तर लाकडी फळी किंवा कोरडा जाड कपडा बाजूला तयार ठेवायचा. थेट ज्योतीवर बीकर नाही ठेवायचा, मध्ये जाळी पाहिजे, आणि जाळी घेताना मधला पांढरा गोल सिरॅमिकचा आहे का हे विचारून घ्या, ॲस्बेस्टॉसची जुनी जाळी कोणी फुकट दिली तरी नको. मला स्वतःला घरासाठी वाळूची कढई सगळ्यात आवडते, जुन्या लोखंडी कढईत चाळलेली कोरडी वाळू, खाली इलेक्ट्रिक हॉट प्लेट, बीकर वाळूत थोडा रुतवून ठेवला की उष्णता सगळीकडून सारखी लागते आणि ज्योत नाही. इंडक्शनवर नुसती काच तापत नाही हे लक्षात असू द्या. स्पिरिटचा दिवा घेतलाच तर पेटता असताना त्यात स्पिरिट ओतायचं नाही, विझवून पूर्ण गार होऊ द्यायचा मगच भरायचा, आणि तुम्ही समोर असतानाच.

मेजरिंग सिलिंडर, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क (मानेवरच्या एकाच खुणेपर्यंत भरायची मापाची फ्लास्क), रिएजंट बाटली, यातलं काहीही तापवायचं नसतं. मुलं सिलिंडरमध्येच गरम पाणी ओततात आणि त्याचं बूड सुटतं.

आता मोजणारी काच, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण लोक इथेच चुकीच्या जागी काटकसर करतात नाहीतर उगाच महाग घेतात. बीकरवरच्या रेषा मोजायला नसतात, त्या पाच-दहा टक्के इकडेतिकडे असू शकतात. मोजायला सिलिंडर, आणि बारीक मोजायला पिपेट (ठराविक माप ओढून घ्यायची नळी), ब्युरेट, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क. यांच्यात क्लास ए आणि क्लास बी असे अचूकतेचे दोन दर्जे येतात. ५० एमएलच्या ब्युरेटला क्लास ए मध्ये ०.०५ एमएल इकडेतिकडे चालतं, बी मध्ये ०.१. दहाच्या पिपेटला ए मध्ये ०.०२, बी मध्ये ०.०४. कंपनीत आम्हाला ए आणि तेही सर्टिफिकेटसकट लागायचं कारण तिथे औषधाची बॅच पास करायची असते. घरी क्लास बी पुरते, आणि का पुरते ते हिशोबाने बघा.

समजा तिने घरच्या बोअरच्या पाण्याचा जडपणा काढला, इंदिरानगरला ज्या सोसायट्यांना बोअर आहे तिथे हा प्रयोग करण्यासारखा आहे. ५० एमएल पाणी, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणारं रसायन. यात ब्युरेटमधला १ एमएल म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम जडपणा. क्लास बी ची ०.१ ची चूक म्हणजे २ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो असं आहे, म्हणजे दोन मिलिग्रॅमने निकालात काहीच फरक पडत नाही. तिचा डोळा रंग बदलताना ओळखण्यात यापेक्षा जास्त चुकेल सुरुवातीला, आणि ते सरावानेच सुधारतं. तेव्हा क्लास ए चे जादा पैसे द्यायची गरज नाही, पण क्लास काहीच न छापलेली, रेषा पुसट आणि वाकड्या असलेली ब्युरेट मात्र घेऊ नका.

ब्युरेटमध्ये पैसे घालायचेत ते स्टॉपकॉकवर, म्हणजे खालच्या चावीवर. काचेच्या चावीची ब्युरेट स्वस्त असते, पण त्यात कॉस्टिक सोडा राहिला की चावी चिकटते आणि मग ती फिरवताना मोडते, कॉलेजात जितक्या ब्युरेट जायच्या त्यातल्या बऱ्याच अशाच. टेफ्लॉनची चावी असलेली घ्या, ग्रीस लागत नाही, चिकटत नाही. तेवढं बजेट नसेल तर खाली रबराची नळी आणि चिमटा असलेली जुन्या पद्धतीची घ्या, तिला कॉस्टिक उत्तम चालतं, फक्त परमँगनेट आणि आयोडीन रबराला लागू द्यायचं नाही. आपल्या नाशकात द्राक्षाच्या सीझनला रसाची आंबटपणाची टेस्ट करायचा मोह तिला होणारच, १० एमएल रस आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक, १ एमएलला साडेसात मिलिग्रॅम टार्टारिक ॲसिड धरायचं, आणि त्यासाठी टेफ्लॉनची चावी कामाला येते. काम झालं की ब्युरेट लगेच धुवायची, उद्यावर ठेवायची नाही.

पिपेट १० एमएलची एक पुरे, पण तिच्याबरोबर तीन व्हॉल्व्हचा रबरी बल्ब घेतलाच पाहिजे. तोंडाने ओढायचं नाही, पाणी असलं तरी नाही, कारण सवय पाण्यावरच लागते. शेवटचा थेंब फुंकून काढायचा नसतो, टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून जेवढं येईल तेवढंच धरायचं, उरलेलं हिशोबात धरूनच ती बनवलेली असते. याहून लहान मापांसाठी औषधाच्या दुकानातल्या १, ५ आणि १० एमएलच्या सिरिंज आणा, सुई न घेता, इतकं स्वस्त आणि बऱ्यापैकी अचूक दुसरं काही नाही, १ च्या सिरिंजवर ०.०१ पर्यंत वाचता येतं.

व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क १०० एमएलची एक घ्या आणि तिची परीक्षा घरीच घ्या. ०.०१ ग्रॅम दाखवणारा दागिन्यांचा छोटा काटा मिळतो, तो तसाही लागणारच आहे. कोरडी फ्लास्क वजन करा, खुणेपर्यंत शुद्ध पाणी भरा, डोळा खुणेच्या समोर आणि पाण्याच्या वळणाचा तळ रेषेवर, परत वजन करा. पाणी २७ डिग्रीला असेल तर आतल्या पाण्याचं वजन साधारण ९९.५ ग्रॅम आलं पाहिजे, पूर्ण १०० नाही, कारण त्या तापमानाला पाण्याची घनताच कमी असते. ९९.३ ते ९९.७ मध्ये आलं तर क्लास बी मध्ये बसली. डिसेंबरच्या सकाळी पाणी १५ डिग्रीला असेल तर तीच फ्लास्क ९९.८ दाखवेल, म्हणून थर्मामीटर बुडवूनच आकडा ठरवायचा. फ्लास्कवर २० डिग्री छापलंय की २७ यावर डोकं शिणवू नका, आपल्याकडची बरीच काच २७ ला मार्क केलेली असते पण बोरोसिलिकेटला सात डिग्रीने पडणारा फरक या काट्यावर दिसतसुद्धा नाही.

जिथे काच नकोच ते पण सांगते. कॉस्टिकचं द्रावण प्लास्टिकच्या बाटलीतच ठेवायचं, काचेच्या घासलेल्या बुचाची बाटली चिकटून बसते आणि काचही हळूहळू झिजते. वॉश बॉटल, फनेल, ड्रॉपर, टेस्ट ट्यूब स्टँड सगळं प्लास्टिक. प्रयोगाखाली ठेवायला भांडी बाजारातून स्टीलचा उथळ ट्रे आणा, सांडलेलं सगळं त्यात राहतं. स्फटिक वाढवायला जॅमच्या बाटल्या, फक्त त्यात उकळतं पाणी ओतायचं नाही, ती साधी काच. मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळतं, द्राक्षवाले बोर्डो फवारणीसाठी नेतात तेच, पण ते विषारी आहे, उरलेलं मोरीत सोडू नका. ब्युरेटचा स्टँड महाग वाटला तर फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पत्र्यावर सळई वेल्ड करून घ्या आणि क्लॅम्प तेवढा विकत घ्या. आणि स्वयंपाकघरातून लॅबमध्ये गेलेली कुठलीही वस्तू परत स्वयंपाकघरात येणार नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, त्यासाठी ऑइल पेंटने तळाला लाल ठिपका द्या.

सेकंडहँडबद्दल माझं मत कडक आहे. सातपूर-अंबड इतकं जवळ, त्यामुळे भंगारवाल्याकडे कंपनीतली छान छान जॉइंटवाली, म्हणजे घासलेल्या तोंडांनी एकमेकांत बसणारी काच दिसते आणि ती मातीमोल भावात मिळते. घेऊ नका. त्यात आधी काय होतं हे कोणालाच माहीत नसतं, औषधाचा कच्चा माल घासलेल्या जोडात बसलेला असतो आणि तो साबणाने निघेलच असं नाही. दवाखान्या-पॅथॉलॉजीची जुनी काच पण नको. शाळा किंवा कॉलेज जुना स्टॉक काढतंय आणि तुम्ही तिथल्या माणसाला ओळखता, न उघडलेल्या खोक्यातली काच आहे, तर जरूर घ्या.

पुढे कधी जॉइंटवाली काच घ्यायची वेळ आली तर एकच साइझ ठरवून त्यावर ठाम राहा. आपल्याकडे १४/२३, १९/२६, २४/२९ चालतात, पहिला आकडा तोंडाचा व्यास आणि दुसरा घासलेल्या भागाची लांबी मिलिमीटरमध्ये. घरासाठी १९/२६ किंवा २४/२९ पैकी एक. परदेशी व्हिडिओत २४/४० दिसेल, त्याचा व्यास तोच पण लांबी जास्त, बसतो पण नीट नाही. आणि व्हॅक्यूम लावायचा नाही घरी, सपाट बुडाच्या साध्या कॉनिकलला तर कधीच नाही, ती आत फुटते.

कुठून घ्यायचं, तर आधी नाशकातच. शाळा-कॉलेजांना आणि एमआयडीसीला माल पुरवणारे सायंटिफिकवाले शहरात आहेत, जून-जुलैची शाळांची गर्दी टाळून दुपारी जा, यादी कागदावर द्या. मोठ्या ब्रँडचा भाव लिस्टवर असतो आणि त्यावर डिस्काउंट असतो, तो न विचारता कोणी देत नाही, तेव्हा डिस्काउंट किती आणि जीएसटी धरून का वेगळा हे दोन्ही विचारा. दुकानात मुलीला घेऊन जा, तिला हाताळू द्या. मुंबईला प्रिन्सेस स्ट्रीटला मोठा बाजार आहे, पंचवटी एक्सप्रेसने जाऊन रात्री परत येता येतं, पण तीन हजाराच्या खरेदीला तो उपद्व्याप करू नका, सोसायटीतली तीन-चार मुलं मिळून घेणार असाल तर परवडेल. ब्युरेट आणायला वर्तमानपत्रात गुंडाळून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घाला. ऑनलाइन मागवलंच तर खोकं उघडताना मोबाइलवर शूट करा.

पैशांची वाटणी मी अशी करेन, हजार-बाराशे तापणाऱ्या काचेला, तेवढेच मोजणाऱ्या काचेला आणि काट्याला, आणि उरलेल्यातून सगळ्यात आधी बाजूनेही बंद असलेला चष्मा, मग पिपेटचा बल्ब, टेस्ट ट्यूब होल्डर, दोन साइझचे ब्रश. चष्म्याला पैसे उरले नाहीत तर दोन बीकर कमी घ्या. ॲसिड घ्यायला तिला एकटीला पाठवू नका, २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून दुकानदाराला ओळखपत्र बघून रजिस्टरला नोंद करावी लागते आणि १८ च्या खाली विकता येत नाही, तुम्ही स्वतः जा.

धुण्याचं थोडक्यात. भांड्यांचं लिक्विड आणि ब्रश, पाण्याचे पांढरे डाग आले तर लिंबूसत्वाचं पाणी, चिवट घाणीला धुण्याच्या सोड्यात रात्रभर. जुन्या पुस्तकात क्रोमिक ॲसिडने धुवा असं लिहिलेलं असतं, ते घरी अजिबात करू नका, ते कॅन्सरकारक आहे. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. काच स्वच्छ झाली का हे ओळखायची खूण म्हणजे पाणी आतून एकसंध पडद्यासारखं उतरतं, थेंब थेंब अडकले तर तेलकटपणा राहिलाय. मोजणारी काच गरम करून वाळवू नका, उपडी ठेवा.

आणि फुटणार, सुरुवातीला बरीच फुटणार. तुकडे हाताने न उचलता पुठ्ठ्याने गोळा करायचे, बंद डब्यात किंवा जाड खोक्यात घालून चिकटपट्टी लावायची, वर मोठ्या अक्षरात काच लिहायचं, आणि घंटागाडीवाल्याला वेगळं हातात द्यायचं, कचऱ्याच्या पिशवीत टाकलं तर त्याचा हात कापतो. बाटल्यांच्या रद्दीतही ती देऊ नका, बोरोसिलिकेट जास्त तापमानाला वितळते, बाटल्यांच्या काचेत ती चालत नाही.